बियांसाठी राखलेला कांदा

कांदा ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या देशात सापडणे कठीण. आणि कांद्याचे बी पाहिलेला मनुष्य आमच्या फोंड्यासारख्या गावात सापडणेही जवळजवळ तितकेच कठीण. तीन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात आम्ही सहज प्रश्न केला, "कांद्याला बी कोठे येते?" कोणी म्हणाले, कांद्याच्या पोटात, कोणी म्हणाले, मुळांशी. एका धीट मुलाने तर कांद्याला बी नसतेच, कांदा पुरला की त्याचे दहा कांदे होतात, असे ठणकावून सांगितले. वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु हसता हसता मनात आले की, आपल्याला तरी याचे उत्तर नीट देता येईल काय? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. भाषा व इतिहास शिकविण्यात आमचा दिवस जातो. नाकाने कांदे सोलण्याचा अधिकार आम्हास मुळीच नव्हता. त्याच दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलून आम्ही ठरविले की, शाळेच्या मागील पडीक जागेत कांद्याचे बी धरून पाहावयाचे. त्या उद्योगात जे शिकलो, जे चुकलो आणि शेवटी जे उमगले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम कांदा म्हणजे काय, हे पाहू. आपण ज्यास कांदा म्हणतो, तो मूळही नव्हे आणि फळही नव्हे. कांदा उभा चिरला म्हणजे तळाशी एक चपटी, कठीण तबकडी दिसते. तेच त्याचे खोड. त्या तबकडीला खालून तंतुमुळे फुटतात आणि वरच्या बाजूस पानांचे जाड, रसाळ तळ एकावर एक वेढे घेऊन बसतात. आपण खातो ती ही पाने. मधोमध जो कोवळा अंकुर असतो, त्यात पुढच्या आयुष्याची सारी तयारी झाकलेली असते. हे पीक द्विवर्षायू आहे. पहिल्या हंगामात बियांपासून रोप व रोपापासून कांदा तयार होतो. दुसऱ्या हंगामात तोच कांदा मातीत लावला असता त्यातून फुलाचा दांडा निघतो आणि मग बी धरते. म्हणजे पानांत साठविलेले ते अन्न ही खरोखर पुढच्या प्रवासाची शिदोरी होय. आपण ती वाटेतच काढून घेतो आणि तिची भाजी करतो, इतकेच. म्हणून वर्गातील मुलांचा काही दोष नव्हता. स्वयंपाकघरात येणाऱ्या कांद्याचे अर्धेच आयुष्य संपलेले असते. उरलेले अर्धे पाहण्याचा योग फक्त बी धरणाऱ्यालाच येतो.

हे दुसरे अर्धे आयुष्य सुरू होण्यास थंडी लागते. कांद्याच्या अंकुरास काही आठवडे सुमारे 10 ते 15 अंश तापमानाचा गारवा मिळाला म्हणजे पाने काढण्याचे सोडून तो फुलाचा दांडा काढण्याच्या कामास लागतो. म्हणूनच महाराष्ट्रात बियांसाठी कांद्याची लागवड ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकतात, म्हणजे पुढील दोन महिन्यांची थंडी त्यास पुरेपूर लाभते. देशावरील कोरडी, स्वच्छ हवा या कामास फार अनुकूल पडते. नाशिक, अहिल्यानगर, जालना आणि बुलढाणा या जिल्ह्यांत कांद्याचे बीजोत्पादन चालते ते याच कारणास्तव. आमच्या गोव्यात मात्र हिवाळ्यातील पहाटेचा पारा सहसा 20 अंशांच्या आसपास घुटमळतो. मग येथे कांद्यास फुले येणार कशी? याचे उत्तर असे की, पिढ्यान् पिढ्या एकाच किनाऱ्यावर बी धरून वाढविलेली जात तेथील थोड्या गारव्यावरही भागवून घेण्यास शिकते. ज्या झाडास येथे फुले आली, त्याचेच बी पुढे गेले; ज्यास आली नाहीत, त्याचा वंश आपोआप खुंटला. निसर्गाची आणि शेतकऱ्याची ही मिळून केलेली निवड असते.

आम्ही हे सर्व नंतर शिकलो. पहिल्या वर्षी हाती लागले ते कांदे आणले. एका विद्यार्थिनीचे आजोबा आपल्या घरच्या मळ्यात अजूनही गावठी लाल कांदा करतात, असे कळले. त्यांच्याकडून एक माळ मिळाली. आमच्या एका सहकाऱ्याचे आप्त अलिबागकडे असतात. त्यांनी तेथील पांढऱ्या कांद्याची एक माळ धाडली. तिसरा वाण म्हणून बाजारातून बेळगावकडचे टपोरे कांदे घेतले. माळ घेण्यास गेलो तेव्हा आजोबांनी एक कांदा हातात घेऊन दाबून पाहिला, आणि कोकणीत म्हणाले, "मास्तर, जो कांदो खावचो दिसता, तोच बियांक दवरचो." म्हणजे जो कांदा पाहून खाण्याची इच्छा होते, नेमका तोच बियांसाठी राखून ठेवावा. आम्ही त्या वेळी हे वाक्य एक गमतीदार बोल म्हणून ऐकले. बीजोत्पादनाचे अर्धे शास्त्र त्यात आहे, हे पुढे ध्यानात आले.

सामान्य माणसाची प्रवृत्ती याच्या नेमकी उलट असते. चांगले ते विकावे किंवा खावे, आणि उरलेसुरले, बारीक, दुभंगलेले ते बियांस लावावे, असे त्यास वाटते. असे चार-पाच वर्षे केले की वाण हळूहळू ढासळतो आणि मग 'पूर्वीचा कांदा राहिला नाही' म्हणून काळास बोल लावला जातो. बियांच्या कांद्यास शास्त्रात मातृकंद म्हणतात. मातृकंद कसा असावा? आकाराने मध्यम, साधारण 60 ते 80 ग्रॅम वजनाचा. जातीच्या मूळ रंगाचा व आकाराचा. मान बारीक आणि घट्ट मिटलेली. आणि आडवा चिरला असता ज्यात एकच केंद्र दिसते असा. जोड कांदा टाळावा. तसेच ज्या झाडास पहिल्याच हंगामात अवेळी फुलाचा दांडा येतो, त्यास शेतकरी 'डेंगळे आले' असे म्हणतात. त्या डेंगळ्याचे बी मोहाने राखू नये. तसे केल्यास आपण न कळत डेंगळे येण्याचाच गुण निवडीत राहतो, आणि पुढे कांदा पोसण्याऐवजी शेतभर दांडेच उभे राहतात.

मातृकंदाची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती माणूस घेत नाही, पावसाळा घेतो. गोव्यात पावसाळ्यापूर्वी घरात चार महिन्यांची बेगमी भरून ठेवण्याचा जुना रिवाज आहे. तिला पुरुमेंत म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस म्हापसा व मडगाव येथील फेस्तांच्या जत्रांत सुकी मासळी, मिरची, चिंच यांच्या जोडीला कांद्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात, त्या याच पुरुमेंतासाठी. पातीसकट वेणीसारखी गुंफलेली ही माळ घरातील वाशास, चुलीच्या धगीजवळ टांगली जाते. बाहेर सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळत असतो, भिंतींना ओल आलेली असते, आणि माळेतील एक एक कांदा आपला स्वभाव प्रकट करीत असतो. कोणी कुजतो, कोणास कोंब फुटतो, कोणी पोकळ होतो. दिवाळीच्या सुमारास जो टणक व कोरडा राहिला, तो टिकाऊपणाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. त्याचे बी धरले की टिकाऊपणा पुढील पिढीत उतरण्याचा संभव वाढतो. थंड कोठारात ठेवलेल्या कांद्यास ही परीक्षा द्यावी लागत नाही. आमच्या आज्यांनी ही परीक्षा कोणत्याही ग्रंथावाचून चालविली होती.

यावरून बी धरण्याच्या दोन पद्धतींतील भेद स्पष्ट होईल. पहिली कांद्यापासून बी घेण्याची. तिचे वर्णन वर आलेच. दुसरी बियांपासून थेट बी घेण्याची. दुसरीत कांदा उपटून काढावयाचा नसतो; रोपे लावून तशीच शेतात ठेवतात, आणि थंडी मिळताच त्यांस दांडे येतात. वेळ व खर्च वाचतो. परंतु मातीखाली कांदा कसा पोसला, जोड आहे की एकेरी, टिकतो की कुजतो, हे डोळ्यांनी पाहावयास मिळत नाही. म्हणून वाणाची शुद्धता राखावयाची असेल, तर पहिल्याच पद्धतीचा अवलंब करतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण त्यासाठी शीत निदान दिसले तरी पाहिजे.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड केली. निवडलेल्या कांद्याचा वरचा सुमारे तिसरा हिस्सा कापून टाकतात. त्यामुळे कोंब लवकर व सारखे फुटतात. मुलांना हे क्रूरपणाचे वाटले. पण कापलेल्या कांद्यांतून आठवड्याभरात हिरवी टोके वर आली तेव्हा त्यांची समजूत पटली. सरी-वरंब्यावर दोन कांद्यांत वीतभराहून थोडे अधिक अंतर ठेवले. शेतावर हीच लागवड करावयाची तर हेक्टरी 25 ते 30 क्विंटल कांदे लागतात. पाणी बेताने द्यावे लागते, कारण वाफ्यात पाणी साचले की कंद सडतो. ढगाळ हवेत पातीवर जांभळा करपा पडतो, आणि पातीच्या बेचक्यात बारीक फुलकिडे दडून रस शोषतात. दांडे उंच झाल्यावर वाऱ्याने मोडू नयेत म्हणून मातीची भर द्यावी लागते. आम्ही कुळागरातून आणलेल्या पोफळीच्या कामट्यांचा आधारही दिला.

जानेवारीत दांडे दिसू लागले. गावठी लाल कांद्याच्या बहुतेक झाडांस ते आले, अलिबागच्या पांढऱ्यासही बरेच आले. बाजारातून आणलेल्या टपोऱ्या कांद्यांनी मात्र हिरवी पात तेवढी वाढविली आणि त्यांतील थोड्यांनीच फुलण्याची कृपा केली. थंडीविषयी वर जे लिहिले, त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

कांद्याचे फूल हे निरीक्षणास फार सुंदर आहे. पोकळ, मध्यभागी किंचित फुगलेला दांडा कंबरेइतका वर येतो. त्याच्या टोकाशी पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली एक कळी असते. पापुद्रा फाटला की आतून शेकडो चिमुकल्या पांढऱ्या फुलांचा गोल गेंद बाहेर पडतो. प्रत्येक फुलास सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये तीन कप्प्यांची बीजकोशी. प्रत्येक कप्प्यात दोन बीजे, म्हणजे एका फुलापासून फार तर सहा बिया. आता यातील खरी खुबी पाहा. फूल उमलताच पुंकेसर पिकतात आणि पराग झडू लागतात. त्या वेळी स्त्रीकेसर अगदी आखूड व अपक्व असतो. तो वाढून पराग स्वीकारण्याजोगा होईतो, दोन-तीन दिवसांत, त्या फुलातील पराग संपून गेलेले असतात. म्हणजे कांद्याचे फूल स्वतःच्या परागावर फळू शकत नाही. त्यास दुसऱ्या फुलाचा पराग हवा, आणि तो आणून देणारा दूत हवा.

हा दूत म्हणजे मधमाशी. वाऱ्याने हे काम फारसे साधत नाही. आमच्या भागात आग्या, फुलोरी आणि सातेरी या मधमाश्या कांद्याच्या फुलांवर येतात. गोव्यातील कित्येक गावांची ग्रामदेवता सातेरी. तेच नाव या लहानशा माशीसही असावे, याची मुलांना मोठी मौज वाटली. कांद्याचा मध माशीस फारसा रुचत नाही, कारण त्यात पोटॅशियमचे प्रमाण अधिक असते; जवळ दुसरे आवडते फूल असेल तर ती तिकडे वळते. म्हणूनच बी धरणारे जाणते शेतकरी मधमाश्यांच्या पेट्या शेतात आणून ठेवतात आणि फुले उमललेली असता कीटकनाशकाची फवारणी करीत नाहीत. फुलकिडे मारण्याच्या भरात ज्याने माशी मारली, त्याच्या शेतात गेंद भरपूर दिसतात, परंतु चोळून पाहता हाती नुसता कोंडा येतो.

येथेच आमची पहिली चूक घडली. तीनही वाण आम्ही शेजारी शेजारी लावले होते. माशीला लाल कोण, पांढरा कोण, याचे काय सोयरसुतक? ती एका गेंदावरून उठली की शेजारच्या गेंदावर बसे. आम्ही पांढऱ्याचे बी निराळे काढले, पुडीवर सुवाच्य अक्षरांत नाव लिहिले आणि निश्चिंत राहिलो. पुढच्या वर्षी त्या बियांची रोपे लावली आणि मार्चमध्ये मुलांनी कांदे उपटले, तेव्हा पांढऱ्यांच्या वाफ्यात कित्येक कांदे लालसर निघाले. एका मुलीने विचारले, "सर, पुडीवर तर पांढरा लिहिले होते ना?" पुडीवरचे नाव वाचून बी उगवत नसते, हे त्या दिवशी आम्हास कळले. कांद्यात पांढरा रंग सामान्यतः दबणारा असतो. त्यास लालाचा पराग लाभला की पहिल्या पिढीत लाली वर येते. रंगाची भेसळ निदान डोळ्यांस दिसली. चव, टिकाऊपणा, थोड्या थंडीत फुलण्याची शक्ती यांची भेसळ झाली असती, तर ती कोणाच्या ध्यानातही आली नसती. यासाठीच शासकीय प्रमाणकांत दोन वाणांच्या बीजक्षेत्रांमध्ये पायाभूत बियाण्यासाठी 1,000 मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी 500 मीटर अंतर सांगितले आहे. आमच्या शाळेचे सारे आवारही तेवढे लांब नाही!

परागाची ही अडचणच एका शास्त्रज्ञाच्या हातून सोय बनली, तो इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. 1925 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांस 'इटालियन रेड' जातीच्या कांद्यात असे एक झाड आढळले की, त्याच्या फुलांत उपयोगी पराग तयारच होत नव्हते. बी न धरणारे झाड म्हणून दुसऱ्या कोणी ते उपटून टाकले असते. जोन्स यांनी त्याच्या गेंदात आलेल्या लहान कंदिकांवरून त्याचा वंश टिकविला. 1943 साली त्यांनी व क्लार्क यांनी हा गुण पिढीतून पिढीत कसा उतरतो, याचा उलगडा प्रसिद्ध केला. अशा परागहीन झाडांशेजारी दुसरा वाण लावला की मिळणारे सर्व बी संकरितच असते. संकरित कांद्याचा जन्म असा झाला. त्याचे पीक एकसारखे येते; परंतु त्याचे बी घरी धरून उपयोग नाही, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि शेतकऱ्यास दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. आपल्या देशात आजही कांद्याची बहुतेक लागवड सरळ वाणांचीच आहे. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, आणि 1977 साली स्थापन झालेले नाशिकचे राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान यांनी असे अनेक वाण दिले आहेत. सरळ वाणाचे बी शेतकरी स्वतः धरू शकतो, फक्त त्याने वरील पथ्ये पाळली पाहिजेत.

आता काढणीकडे वळू. गेंदातील फुले एकाच दिवशी उमलत नाहीत, म्हणून बीही एकाच दिवशी पिकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गेंदावरील काही बोंडे तडकून आतील काळे बी दिसू लागले की तो गेंद दांड्याच्या वीतभर तुकड्यासह कापून घ्यावा. सर्व बोंडे उकलण्याची वाट पाहिल्यास बी मातीत सांडते. घाई केल्यास ते पोचट राहते. म्हणून तीन-चार वेळा फिरून, शक्यतो सकाळच्या दवात, काढणी करतात. गेंद कापडावर सावलीत व मग कोवळ्या उन्हात वाळवावे, हाताने चोळावे, सुपाने पाखडावे. मिळते ते बी काळे, कोनाकोनाचे, सुरकुतलेले. एका ग्रॅममध्ये सुमारे 250 ते 300 दाणे भरतात. चांगले पीक साधल्यास हेक्टरी आठ-दहा क्विंटल बी मिळते. योगायोगाने कांद्याच्या एक हेक्टर लागवडीस रोपे करण्यासाठी 8 ते 10 किलो बी लागते. म्हणजे एका हेक्टरातील बी शंभर हेक्टरांस पुरावे, असा हिशेब गणिताच्या तासाला मुलांनी स्वतः मांडला.

आमची दुसरी चूक बी साठविण्यात झाली. कागदी पुड्या करून आम्ही त्या विज्ञानशाळेच्या कपाटात ठेवल्या. जून ते सप्टेंबर हे चार महिने फोंड्याच्या हवेत कागद कसा नरम पडतो, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका सांभाळणाऱ्या शिक्षकास तरी ठाऊक असावयास हवे होते. ऑक्टोबरात ओल्या फडक्यावर शंभर दाणे मांडून पाहिले, तो त्यांतील तिसरा हिस्साही उगवला नाही. कांद्याचे बी हे फार अल्पायुषी आहे. भात, कुळीथ, भोपळा यांच्या तुलनेने ते लवकर मरते. साध्या हवेत ठेवले तर सुमारे एका वर्षात त्याची उगवण झपाट्याने घटते. प्रमाणित बियाण्याची उगवण निदान 70 टक्के असावी असा नियम आहे. आमचे बी त्याच्या जवळपासही नव्हते. बियाण्यातील ओल एक टक्क्याने उतरविली की त्याचे आयुष्य स्थूलमानाने दुप्पट होते, असा एक ठोकताळा शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही बी चांगले वाळवून, कोरड्या बाटलीत, तळाशी कोळशाचे कोरडे तुकडे व त्यावर कापड ठेवून, बूच मेणाने बंद केले. जुन्या घरांत बियांची पुरचुंडी चुलीवरच्या माळ्यावर का ठेवीत, याचाही उलगडा त्या दिवशी झाला.

बियांच्या या अल्पायुष्यातच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. भाताचे बी एखाद्या वर्षी पेरावयाचे राहिले तरी पुढील वर्षी सावरता येते. कांद्याचे तसे नाही. ज्या वर्षी एखाद्या वाड्यावरील सर्व घरांनी 'यंदा राहू दे' म्हटले, त्या वर्षी त्या वाड्याचा कांदा संपण्याच्या वाटेस लागला. कोणी शत्रूने तो जाळावा लागत नाही. आणि एकट्या घराने तो राखावा म्हटले तर तेही पुरेसे होत नाही, कारण कांद्यास जवळच्या रक्ताचा संबंध सोसत नाही. चार-पाच कांद्यांचेच बी वर्षानुवर्षे धरले तर पुढील पिढ्या खुरट्या व दुबळ्या निपजतात. निदान दोनशे-तीनशे मातृकंद एकत्र फुलले पाहिजेत. लहान शेतकऱ्यास एकट्याने इतके उत्तम कांदे मातीत घालणे परवडत नाही. मग वाट एकच उरते: घरोघरी पाच-पंचवीस कांदे निवडावे, ते एका जागी लावावे, आणि आलेले बी वाटून घ्यावे. बी हे एका घराचे नसते, ते गावाचे असते.

गावाने ते राखले तर काय होते, हे पाहावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील अलिबागचा पांढरा कांदा आमच्यासारख्याच दमट किनाऱ्यावर, भात निघाल्यावर त्याच शेतात होतो. तेथील शेतकऱ्यांनी तो बियांच्या रूपाने एकमेकांत जपला, आणि 2022 साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. गावाने ते न राखता सर्व भार बाजारावर टाकला तर काय होते, हेही अलीकडेच दिसले. 2020 साली पावसाने अनेक ठिकाणची रोपे वाहून गेली, शेतकऱ्यांना दुसऱ्यांदा बी हवे झाले, ते मिळेना, भाव भडकले. शेवटी 29 ऑक्टोबर 2020 रोजी केंद्र सरकारला कांद्याच्या बियांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. ज्याच्या घरात स्वतःच्या बियांची बाटली होती, त्यास तेवढी चिंता कमी झाली असेल.

आमच्या विद्यार्थिनीचे आजोबा सांगतात की, त्यांच्या वाड्यावर पूर्वी बहुतेक घरी कांदा होई. आज तो दोनच घरी होतो. तरुण मंडळी नोकरीस जातात, बाजारात बारमाही कांदा मिळतो, आणि माळ गुंफण्यास बसणार कोण? यात कोणास दोष द्यावा असे आम्हास वाटत नाही. परंतु त्या दोन घरांनी एक वर्ष हात आखडता घेतला, तर पावसाळाभर वाशावर टिकणारा आणि आमच्या थोड्याशा गारव्यात फुलणारा तो कांदा पुन्हा आणावयाचा कोठून? तो कोणत्याही दुकानात पुडीत मिळत नाही.

म्हणून गेल्या हंगामात आम्ही वाण एकच ठेवला. मुलांनी आपापल्या ओळखीच्या घरांतून, पावसाळा काढलेले गावठी लाल कांदे मागून आणले. पाच येथून, दहा तेथून, असे करीत अडीचशेच्या आसपास कांदे जमले. देतेवेळी पुष्कळांनी लहान कांदे पुढे केले. मुलांनी आजोबांचे वाक्य त्यांना ऐकविले, तेव्हा काहींनी हसून माळेतील उत्तम कांदे काढून दिले. एप्रिलमध्ये दोन बाटल्या बी हाती आले. ऑक्टोबरात फडक्यावर मांडलेल्या शंभर दाण्यांपैकी ऐंशीहून अधिक उगवले, तेव्हा वर्गात झालेला आनंद निकालाच्या दिवसासारखाच होता.

त्यातील चिमूटभर बी ज्या ज्या घराने कांदे दिले, त्या त्या घरी आम्ही पोहोचते केले. उरलेले आठवीच्या मुलांनी आपापल्या परसात पेरले आहे. अट एकच घातली आहे: पुढील दिवाळीस प्रत्येकाने आपल्या पिकातील पाच कांदे शाळेत आणून द्यावे, आणि ते पाच कांदे खावेसे वाटणारे असावेत. 'कांद्याला बी कोठे येते?' या प्रश्नाचे उत्तर आता त्यांच्यापैकी कोणीही देईल. ते बी राहील की नाही, हे मात्र त्या पाच कांद्यांवर अवलंबून आहे.